पाग, पॅलेट आणि कडेच्या पट्ट्या

मानकोलीला प्रदर्शन भरवतोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कसलं, प्रॉपर्टीचं?" त्याचंही बरोबर आहे. मुंबई-नाशिक हायवेवर मानकोली नाक्याच्या आजूबाजूला जेवढे फलक लागतात ते एक तर फ्लॅटचे, नाही तर 'गोडाऊन भाड्याने देणे आहे'चे. भिवंडी तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना कळतं ते ट्रॅफिकच्या बातम्यांतून. तुम्ही मागवलेला मिक्सर मोबाइलवर 'भिवंडी' असं दाखवत जागचा हलत नाही ना, तो बहुतेक आमच्याच पंचक्रोशीत कुठल्या तरी रॅकवर बसलेला असतो.

मी अशाच एका गोडाऊनमध्ये आवक-जावक बघतो. शिक्षण एटीडीचं, म्हणजे चित्रकलेचा शिक्षक व्हायचं. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा चांगल्या ग्रेडने पास झालो, पुढे डिप्लोमा केला, आणि मग जागा निघण्याची वाट बघता बघता बारकोड स्कॅनर हातात आला. आमच्या भातशेतीवरही आता गोडाऊन उभं आहे. भाडं चार भावांत वाटलं जातं. आगरी घरांत ही गोष्ट एवढी सरसकट झाली आहे की त्यावर कुणी उसासे टाकत बसत नाही. मीही बसत नाही. भाड्याचा चेक वेळेवर आला तर घरात सगळे खूश असतात.

गोडाऊन इथेच का झाली, हे डोंबिवलीहून येणारे लोक आम्हाला नेहमी विचारतात. मुंबईत जकात होती तेव्हा सगळा माल एकदम हद्दीत नेण्यापेक्षा बाहेर उतरवून लागेल तसा आत नेणं व्यापाऱ्याला परवडायचं. ग्रामपंचायत हद्दीत जागा स्वस्त, एका हाताला नाशिकचा रस्ता, दुसऱ्या हाताला अहमदाबादचा, बंदर म्हणाल तर न्हावाशेवा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात गेली, तेव्हा काही लोकांना वाटलं की आता भिवंडीचं महत्त्व संपलं. झालं उलटंच. प्रत्येक राज्यात कराच्या सोयीसाठी वेगळं गोडाऊन ठेवायची गरज उरली नाही, म्हणून कंपन्यांनी मोजक्या जागी अवाढव्य गोडाऊन बांधली, आणि त्यातली कितीतरी इकडे. मानकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही गावं एकामागोमाग पत्र्यांनी झाकली गेली.

या सगळ्यातून रोज ढिगाने काय बाहेर पडतं? तुटलेली लाकडी पॅलेट, पुठ्ठा, आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापडाच्या कडेच्या पट्ट्या. आमचा जो काही गट आहे तो या तीन गोष्टींभोवती जमला. गटाला नाव नाही. नावावरून एवढी भांडणं झाली की शेवटी तो विषयच बंद केला. पत्रकावर 'मानकोली परिसरातील हातकाम करणारे' एवढंच छापतो. त्यात मी, माझ्याबरोबर एटीडी केलेला एक मित्र (तो आता फ्लेक्स प्रिंटिंग करतो), पॅलेट दुरुस्त करणारे उत्तर प्रदेशातले एक मिस्त्री, आणि कामतघरच्या एक अक्का. अक्कांचं घराणं पद्मशाली, सासऱ्यांपासून लूमवर. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि कारखान्यात हिंदी असा तिहेरी कारभार त्या सहज सांभाळतात.

पहिलं प्रदर्शन गावातल्या समाजमंदिरात लावलं. माझी खाडीची चित्रं, मित्राची फोटोच्या फ्लेक्सवर रंगवलेली कामं, मिस्त्रींची स्टुलं आणि अक्कांची पायपुसणी. पहिल्या दिवशी गर्दी बरी होती, पण लोक चित्रांपुढून शाळेच्या तपासणीला आल्यासारखे जात होते. हात मागे बांधलेले, मान तिरपी. "छान आहे" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. एका मावशींनी माझ्या चित्रातली होडी कुणाची ते मात्र बरोबर ओळखलं आणि तिच्या मालकाने पतपेढीचं कर्ज कसं थकवलंय तेही सांगितलं. माझ्या मते त्या दिवशीची ती सगळ्यात गंभीर समीक्षा.

गर्दी खरी झाली अक्कांच्या टेबलाजवळ. काम विकायला ठेवून नुसतं बसून राहणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी पिशवीतून पट्ट्यांचा गुंडा काढला आणि तिथेच पायपुसणं विणायला घेतलं. दहा मिनिटांत बायकांचं कोंडाळं. "हे कुठून आणता?" "धुतल्यावर रंग जातो का?" "मला जरा धरू दे." तिथे कुणी हात मागे बांधून उभं नव्हतं. या पट्ट्यांचीही एक गंमत आहे. जुन्या मागावर धोटा इकडून तिकडे जातो आणि तोच धागा घेऊन परत फिरतो, त्यामुळे कापडाला बंद काठ येतो. रेपिअर लूमवर प्रत्येक आडवा धागा वेगळा आत ओढला जातो आणि दोन्ही बाजूंना कापला जातो. कापडाच्या कडेला त्या मोकळ्या टोकांना धरून ठेवायला चार जादा धाग्यांची वेगळी पट्टी विणतात आणि ती लूमवरच कातरून टाकतात. लांबच लांब, एका बाजूने झालर असलेली दोरीच ती. कारखान्याच्या दृष्टीने कचरा. अक्का म्हणतात, कचरा असेल तर असो, पण ताण कसा बसलाय बघा, दोन माणसांनी ओढली तरी तुटणार नाही.

मग कार्यशाळाच घ्यावी असं ठरलं, आणि तेव्हा पागवाले काका आमच्यात आले. खरं तर आणले गेले. त्यांच्या सुनेने त्यांना आणून खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "यांना शिकवू द्या, घरी नुसते टीव्हीशी भांडतात."

पाग म्हणजे फेकजाळं. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून किंवा होडीच्या नाळेवरून फेकायचं, हवेत गोल उघडलं पाहिजे, कडेची शिशाची वजनं सगळी एकदम पाण्यावर पडली पाहिजेत. उल्हासच्या खाडीत पूर्वी यावर बोईट, कोळंबी, नशिबात असला तर जिताडा. आता पाण्याची काय दशा आहे ते सांगायला नको. वर वर्षानुवर्षं रेती उपसली गेली आणि खाडीचा तळच जागेवर राहिला नाही. काका अजून जातात, पण हौसेने. तयार जाळी बाजारात स्वस्तात मिळतात, त्यामुळे हाताने पाग विणणारा आमच्या आळीत तेवढा एकच माणूस उरला आहे.

त्यांचं सामान एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात असतं. बांबूची चपटी सुई, जिच्या पोटात जिभेसारखी एक पट्टी कोरलेली असते आणि तिच्याभोवती दोरा भरायचा. दुसरी बांबूचीच एक गुळगुळीत पट्टी, दोन बोटं रुंद. जाळ्याच्या एका घराला आमच्याकडे आस म्हणतात, आणि त्या पट्टीच्या रुंदीवर आस ठरतो. कोळंबीच्या पागाची पट्टी अरुंद, बोइटाची रुंद. काकांच्या डब्यात अशा चार-पाच पट्ट्या आहेत आणि सगळ्यात जुनी त्यांच्या वडिलांची, वापरून वापरून मधोमध जराशी झिजलेली. त्यामुळे त्या पट्टीवर विणलेला आस किंचित लहान येतो. काकांना ते माहीत आहे आणि तेवढ्यासाठी ते ती पट्टी बाजूला ठेवत नाहीत. कुठे वापरायची ते त्यांना ठाऊक आहे.

काम दिसायला सोपं. खिळ्याला अडकवलेल्या वरच्या घरातून सुई खालून वर काढायची, दोरा पट्टीवरून घेऊन ताणायचा, घर जिथे पट्टीच्या कडेला टेकतं तिथे डाव्या अंगठ्याने दाबायचं. आता दोऱ्याचा एक फास डावीकडे टाकायचा, सुई दोन्ही धाग्यांच्या मागून घालून फासातून बाहेर, आणि ओढायचं. सगळी मेख अंगठ्यात आहे. दाब जरा सैल पडला की गाठ वरच्या घराला न बसता खाली घसरते आणि खालच्याच फासाभोवती आवळली जाते. दिसायला गाठच, पण ती धरत नाही, सरकते. पाग पाण्यातून ओढताना असल्या गाठी एकामागोमाग सरकतात आणि एकाच जागी भलंमोठं भोक पडतं. नायलॉन मुळातच गुळगुळीत, त्यामुळे काका त्याच्यावर दुहेरी गाठ मारतात. पूर्वी सुती दोरा होता तेव्हा एकेरी गाठीवर भागायचं, पण ती जाळी कुजू नयेत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवावी लागत. त्या वासाबद्दल काका बोलायला लागले की सूनबाई विषय बदलतात.

पहिल्या कार्यशाळेला पंधरा-वीस माणसं असतील. गावातली पोरं, डोंबिवलीहून आलेल्या कॉलेजच्या तीन मुली, आमच्या गोडाऊनमधले दोन पिकर आणि एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. सगळ्यात आधी गाठ बसली ती या बाईंना. क्रोशाचं विणकाम आयुष्यभर केलेलं, त्यामुळे ताण म्हणजे काय हे त्यांच्या बोटांना सांगावं लागलं नाही. गोडाऊनच्या पोरांचे हात विजेसारखे चालतात. दिवसभर टेप मारून खोकी बंद करायची सवय. पण त्यांना थांबणं जमेना. गाठ बसायच्या आत ते पुढच्या घरात. काकांनी त्यांच्या मागे उभं राहून एकेकाचा अंगठा स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरला. "दाब. आता वर. सोरू नको. सोरू नको, सांगतंय ना." आगरीत 'ड'चा 'र' होतो हे डोंबिवलीच्या मुलींना कळायला थोडा वेळ लागला. नंतर त्याच एकमेकींना "सोरू नको" म्हणायला लागल्या.

दुपारनंतर काकांनी 'वाढ' दाखवली. पाग वरून, म्हणजे मधल्या टोकापासून विणायला घेतात. तिथे मोजकी घरं असतात, आणि खाली येताना ठरावीक अंतराने एकाच घरात दोन घरं काढत जायची. त्यामुळे जाळं फाकत जातं. वाढ जास्त झाली तर कडेला चुण्या पडतात आणि शिसं गुंतागुंत करतं. कमी झाली तर काकांच्या शब्दांत, "वाढ चुकली का पाग उघरत नाय, नुसती पिशवी." कुठल्या फेरीला किती वाढ, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. कॉलेजच्या एका मुलीने वहीत वर्तुळं काढून हिशेब मांडला आणि काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला, मान हलवली आणि म्हणाले, "बराबर हाय. पन खाली जाशी तवा एक फेरी सोर." का सोडायची? कारण खालच्या भागाचा गळा आत वळवून दोऱ्यांनी बांधायचा असतो, मासे अडकायला तिथे खिसे होतात, आणि तिथे जादा जाळं आलं तर खिसा उलटा होतो. हे वहीत येणं शक्यच नव्हतं. तिने ते लगेच वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी ते सगळ्यांना घेऊन समोरच्या मैदानात गेले आणि स्वतःचा पाग फेकून दाखवला. मैदानात म्हणजे शिसं मातीवर आपटलं, धूळ उडाली, आणि लोकांनी मोबाइलवर ते स्लो मोशनमध्ये पंचवीस वेळा पाहिलं. काका मात्र वैतागले. जमिनीवर पाग फेकणं त्यांना पटत नाही, शिसं चेमटतं.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं आहे ती गोष्ट. दिवस संपल्यावर काकांना काय द्यायचं? मित्राने आधीच शाल आणि नारळ आणून ठेवले होते. आपल्याकडची रीतच ती. तालुक्याच्या कुठल्याही कार्यक्रमात सुतार असो, धवले गाणारी धवलारीण असो की मूर्तिकार, व्यासपीठावर बोलवायचं, शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या. त्यांच्या शेजारी बसलेल्या व्याख्यात्याला मात्र पाकीट मिळतं, आणि तेही प्रवासखर्चासकट. सत्कार झाला की मजुरी बुडाली, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझी आजी हळदीला धवले गायची. तिच्या पेटीत शालींची चवड होती आणि ती झोपायची मात्र जुन्या गोधडीवर.

मी हटून बसलो की कार्यशाळेची जी फी जमली त्यातून शिकवणाऱ्याला दिवसाचे पैसे आधी द्यायचे, मग चहा, मग बाकीचं. काकांनी हात जोडले. "शिकवाचं पैसं कनाला? आपलीच पोरं." सुनेनं ते पाकीट घेतलं, त्यांच्यादेखत मोजलं आणि पदरात खोचलं. "आपली पोरं असली तरी दिवस गेला ना," एवढंच म्हणाली. त्यानंतर आमच्याकडे नियम ठरला: शिकवणाऱ्याला दिवसाचे दीड हजार, शिकायला येणारा एक असो की तीस. बाहेरच्यांना पाचशे रुपये फी, गावातल्या मुलांना मोफत. जो कमी पडेल तो खड्डा प्रदर्शनात विकलेल्या वस्तूंच्या दहा टक्क्यांतून भरायचा. खड्डा बऱ्याचदा भरत नाही. तेव्हा आम्ही दोघं मित्र खिशातून घालतो आणि आपापल्या घरी ते सांगत नाही.

प्रदर्शनाला कार्यशाळेची जोड द्यायचा विचार मला एकट्याला सुचला अशातला भाग नाही. २०१५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीत 'धारावी बिनाले' झालं होतं, 'स्नेहा' या संस्थेने भरवलेलं. मी तेव्हा डिप्लोमाच्या मित्रांबरोबर गेलो होतो. तिथे आधी कार्यशाळा झाल्या होत्या आणि त्यांतून निघालेली कामं मग गल्लीबोळांत मांडली होती. बायकांनी मिळून कापडावर शिवलेला धारावीचा एक नकाशा होता, त्यात घरातल्या मारहाणीच्या जागा टाक्यांनी दाखवल्या होत्या. त्या नकाशापुढे कुणी "छान आहे" म्हणत नव्हतं. पुढच्या वर्षी, २०१६मध्ये, धारावीतच एक फिरतं डिझाइन म्युझियम निघालं, दोन युरोपीय लोकांनी काढलेलं, हातगाडीवर मांडलेलं. धारावीत रोज बनणाऱ्या वस्तूच त्यात ठेवल्या होत्या. हे दोन्ही उपक्रम मला आवडले, पण दोन्हींची सुरुवात बाहेरून झाली होती, आणि बाहेरचे लोक गेले की गाडी कोण ढकलणार हा प्रश्न उरतोच. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, नाना व्यवसायांच्या, नाना जातींच्या माणसांच्या. १८७२ साली ते संग्रहालय भायखळ्याला उघडलं. कपाटापुढे उभं राहून मला नेहमी वाटतं, यातला बुरूड किंवा कोळी काचेतून बाहेर येऊन हातात काम घेईल तर लोक त्याला तिकीट काढून बघतील की भाव पाडतील?

भाव पाडतात, हे आता अनुभवाने सांगतो. मोठागाव-मानकोली पूल २०२५च्या पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाला आणि डोंबिवली आमच्या दारात आली. आधी खाडीच्या पलीकडची डोंबिवली डोळ्यांना दिसायची, पण जायचं तर कल्याणला वळसा घालून कोनमार्गे, ट्रॅफिक असेल तर तास-दीड तास. आता काही मिनिटांत माणसं येतात. ही चांगली गोष्ट आहे, आमची अर्धी फी त्यांच्याकडूनच जमते. पण मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावणारी हीच माणसं अक्कांच्या पायपुसण्यापुढे उभी राहिली की त्यांना भाजीबाजार आठवतो. "ताई, टाकाऊच तर आहे ना हे, मग दोनशे कशाचे?" अक्का शांतपणे सांगतात, "पट्टी टाकाऊ आहे, माझा दिवस नाही." आता आम्ही प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावतो: किती तास लागले, सामानाचे किती, हाताचे किती. घासाघीस बंद झाली असं नाही, पण निदान कशावर घासाघीस चाललीय हे त्या माणसाला दिसतं.

मुंबईतल्या एका ठिकाणाहून निरोप आला होता, काकांना घेऊन या, मोठमोठे लोक येतात, तुमची ओळख होईल. मानधन? ते नाही, पण जेवण आहे. काकांना विचारलं. ते म्हणाले, जेवण तर घरीपण आहे.

वारलीचं बघा ना. लग्नाचा चौक सवाशिणी घराच्या भिंतीवर काढायच्या, पालघट देवी मधोमध. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडे कागद नेला, गंजाडचे जिव्या सोमा मशे त्या कागदावर काढत जगभर गेले, २०११ला पद्मश्री झाले. २०१४ला वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. आज ठाण्या-मुंबईत सुट्टीच्या दिवशी कितीतरी ठिकाणी 'वारली पेंटिंग वर्कशॉप' असतं आणि शिकवणारी व्यक्ती तारप्याचं गोल रिंगण इंटरनेटवरून छापून आणते. मला त्यात चित्र काढण्याबद्दल हरकत नाही. हरकत फीच्या वाटेबद्दल आहे. डहाणू काही अमेरिकेत नाही. एक माणूस लोकल पकडून येऊ शकतो.

मिस्त्रींच्या कार्यशाळेबद्दल थोडक्यात, कारण ती अजून नीट बसलेली नाही. पॅलेटचं लाकूड हलकं, बहुधा पाइनचं, फुकट किंवा नाममात्र दरात मिळणारं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं लगेच टेबल करावं. मिस्त्री आधी प्रत्येकाला पॅलेटच्या पायावरचा शिक्का शोधायला लावतात. परदेशातून आलेल्या मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं, देशाची दोन अक्षरं आणि पुढे 'एचटी' किंवा 'एमबी'. एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत छप्पन अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून कीड मारलेली. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबीवालं लाकूड घरात आणायचं नाही, पोरांच्या खेळण्याला तर अजिबात नाही. शिक्का नाही आणि वर काही सांडल्याचे डाग असतील तर तेही बाजूला. हे सगळं मिस्त्री कुणाकडून शिकले, विचारलं तर म्हणाले, "साहब, खुजली से." कुठल्याशा जुन्या लाकडाने त्यांच्या हाताला पुळ्या उठल्या होत्या, तेव्हापासून ते शिक्के वाचतात. त्यांना ना इंग्रजी येत, ना मराठी नीट वाचता येत, पण लाकडावरची ती दोन अक्षरं अंधारातही ओळखतील. खिळे काढण्यात मात्र अख्खा दिवस जातो, आणि पैसे देऊन आलेल्या माणसाला संध्याकाळी घरी न्यायला स्टूल हवं असतं. यावर आधी काढून ठेवलेल्या फळ्या द्याव्यात असं माझं मत, आणि खिळा काढता येत नाही त्याने लाकडाला हात लावू नये असं मिस्त्रींचं. वाद चालू आहे.

आमचं वेळापत्रकही जरा विचित्रच आहे. दिवाळीच्या सेलच्या आधी महिनाभर गोडाऊनची पोरं मिळत नाहीत, ओव्हरटाइम असतो. पावसाळ्यात नाक्यावर गाड्या तासन् तास अडकतात. काका उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला, खाडी सोडून येत नाहीत. त्यांना भांगाचे दिवस पाहिजेत, अष्टमीच्या आसपासचे, पाणी फार चढत-उतरत नाही तेव्हाचे. त्यामुळे कार्यशाळेची तारीख काढताना मी एका हातात गोडाऊनचं शिफ्टचं कोष्टक आणि दुसऱ्या हातात कालनिर्णय घेऊन बसतो. डोंबिवलीच्या मंडळींनी दर महिन्याचा दुसरा रविवार ठरवून टाका असं सुचवलं. काकांनी विचारलं, दुसऱ्या रविवारी अष्टमी असते का?

पुढची कार्यशाळा अष्टमीच्या जवळच्या रविवारी आहे. मिस्त्री गावी गेलेत, त्यामुळे यावेळी पॅलेटचं टेबल नसेल. अक्कांचं आहे, पण त्यांच्यापुढे नवीच अडचण उभी राहिली आहे. ज्या लूमवाल्याकडून त्या इतके दिवस पट्ट्यांची पोती उचलून आणायच्या, त्याने प्रदर्शनात येऊन आमच्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि आता तो पट्ट्यांचे किलोमागे पैसे मागतो आहे.